ऑक्सिजन सेन्सर आणि ट्यून केलेल्या गाडीचं ॲव्हरेज : प्रस्तावना

"रिमॅप केल्यापासून गाडी पेट्रोल प्यायला लागलीय. ओटू सेन्सर बदलून टाकू का?" पुण्या-मुंबईतल्या कुठल्याही ट्यूनिंगच्या गॅरेजात चार दिवस बसलं की हा प्रश्न कानावर येतोच. विचारणारा गाडीचा खरा शौकीन असतो. गाडी बहुधा चाकणच्या कारखान्यात तयार झालेली पोलो जीटी टीएसआय असते, नाहीतर तिच्याच भावकीतली एखादी. मूळच्या १०५ पीएसवर समाधान नाही म्हणून इसीयूचं सॉफ्टवेअर बदललेलं, मोकळा इनटेक बसवलेला, जमलं तर डाउनपाइपही मोठा केलेला. पिकअप मनासारखा मिळालेला असतो, पण टाकी पूर्वीपेक्षा लवकर तळाला जाते. स्कॅनर लावला की मिश्रण लीन असल्याचा पी०१७१ हा कोड निघतो आणि सगळ्यांची बोटं एकाच भागाकडे वळतात. सेन्सर बदलला जातो, काही हजार रुपये जातात, चेक इंजिनचा दिवा विझवला जातो आणि थोड्याच दिवसांत तो पुन्हा लागतो.

हे पुस्तक त्या प्रश्नाचं सविस्तर उत्तर आहे. माझं म्हणणं आधीच सांगून टाकतो. ट्यून केलेल्या गाडीत ऑक्सिजन सेन्सर बिघडलेला असण्यापेक्षा तो खरं सांगत असण्याचीच शक्यता जास्त असते. पी०१७१ हा कोड सेन्सरच्या बिघाडाचा नाहीच. सेन्सरनं केलेली तक्रार इसीयूनं नोंदवली, एवढाच त्याचा अर्थ. तक्रार कशाबद्दल आहे हे न शोधता तक्रार करणाऱ्यालाच बदललं, तर ॲव्हरेज सुधारणार कसं?

पहिली गोष्ट रसायनाची. एक किलो पेट्रोल पूर्ण जळायला साधारण १४.७ किलो हवा लागते. जळल्यावर हवाही उरत नाही आणि पेट्रोलही उरत नाही, अशा या मिश्रणाला लॅम्ब्डा १ म्हणतात. हवा जास्त झाली की लॅम्ब्डा एकाच्या वर जातो, मिश्रण लीन होतं. पेट्रोल जास्त झालं की तो एकाच्या खाली येतो, मिश्रण रिच होतं. अडचण अशी, की गाडीकडून आपल्याला जे हवं असतं ते एकाच लॅम्ब्डावर मिळत नाही. जास्तीत जास्त ताकद ०.८५ ते ०.९ च्या आसपास मिळते, टर्बो गाडीत फुल बूस्टवर तर इंजिन सांभाळण्यासाठी ०.८ पर्यंतही उतरावं लागतं. कमीत कमी पेट्रोलमध्ये जास्तीत जास्त काम हवं असेल तर १.०५ ते १.१ लागतो. आणि सायलेन्सरच्या आधी बसलेल्या थ्री-वे कॅटॅलिटिक कन्व्हर्टरला बरोबर १ हवा असतो, कारण कार्बन मोनॉक्साइड, न जळलेलं हायड्रोकार्बन आणि नायट्रोजनची ऑक्साइडं ही तिन्ही एकाच वेळी निकामी करणं त्याला त्या अरुंद पट्ट्यातच जमतं. ट्यूनिंग म्हणजे या ओढाताणीत कुठल्या क्षणी कोणाचं ऐकायचं, हे ठरवणं.

हे ठरवण्यासाठी लागणारी बातमी एक्झॉस्टमधून आणणारं उपकरण दिसायला अगदी साधं आहे. प्लगसारखंच आटे असलेलं, बावीसच्या पान्यानं उघडणारं, पुढे भोकं पाडलेली धातूची टोपी आणि मागे वायर. टोपीच्या आत झिर्कोनियम डायऑक्साइडच्या सिरॅमिकचा तुकडा असतो, त्याच्या दोन्ही अंगांना प्लॅटिनमचा पातळ थर. साधारण ३५० अंश सेल्सिअसच्या वर तापलं की या सिरॅमिकमधून ऑक्सिजनचे आयन वाहू शकतात. एका बाजूला बाहेरची हवा, दुसऱ्या बाजूला एक्झॉस्टचा वायू. दोन्हीकडच्या ऑक्सिजनमध्ये जेवढा फरक, तेवढा व्होल्टेज. मिश्रण रिच असेल तर ०.९ व्होल्टच्या आसपास, लीन असेल तर ०.१ च्या आसपास आणि लॅम्ब्डा १ ओलांडताना मधली उडी. तापवलेलं झिर्कोनिया वीज वाहून नेतं हे एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस जर्मन शास्त्रज्ञ वाल्थर नेर्न्स्ट यांनी दिव्यासाठी वापरून दाखवलं होतं, आणि या व्होल्टेजचं गणितही त्यांच्याच समीकरणानं मांडलं जातं. रसायनशास्त्राचं १९२० चं नोबेल त्यांना मिळालं. स्वतः मोटारींचे हौशी असलेल्या या माणसाचं समीकरण आज जगातल्या जवळजवळ प्रत्येक पेट्रोल गाडीच्या पोटाखाली काम करतं, याचं मला अजूनही अप्रूप वाटतं.

गाडीवर हा सेन्सर आला तो कॅलिफोर्नियाच्या कडक धूरनियमांमुळे. बॉशनं बनवलेला सेन्सर आणि थ्री-वे कन्व्हर्टर एकत्र वापरून व्होल्व्होनं १९७६ मध्ये आपल्या २४० मालिकेतल्या गाड्या तिथे विकायला काढल्या. त्या गाड्यांच्या जाळीवर 'लॅम्ब्डा सोंड' अशी पट्टी मिरवलेली असे. कुठल्याही सेन्सरला एवढा मान त्यानंतर मिळाल्याचं मला माहीत नाही. पुढे सेन्सरच्या आत हीटर आला, त्यामुळे एक्झॉस्टच्या उष्णतेची वाट न पाहता थंड गाडीतही तो लवकर कामाला लागू लागला. आपल्याकडे १ एप्रिल १९९५ पासून चार महानगरांत नव्या पेट्रोल गाड्यांना कन्व्हर्टर सक्तीचा झाला, त्यासाठी शिसेविरहित पेट्रोल आलं, आणि इंजेक्शनच्या गाड्यांबरोबर सेन्सर घरोघरी पोचला. बीएस-६ नंतर तर तो मोटरसायकलींवरही आहे.

दुसऱ्या जातीच्या सेन्सरची, म्हणजे वाइडबँडची, कथा ट्यूनिंगवाल्यांनी मुद्दाम लक्षात ठेवावी. साधा नॅरोबँड सेन्सर मिश्रण रिच की लीन एवढंच सांगतो, किती ते सांगत नाही. ०.९ आणि ०.८ या दोन लॅम्ब्डांमधला फरक त्याला जवळजवळ कळतच नाही. वाइडबँडमध्ये ऑक्सिजन आत-बाहेर ढकलणारी आणखी एक पेशी असते आणि त्या ढकलण्याला किती करंट लागला यावरून नेमका आकडा मिळतो. आज हा सेन्सर डायनोवरच्या फुल थ्रॉटलशी जोडला गेला आहे. पण सुरुवातीच्या काळात तो विकाऊ गाडीत बसला तो होंडाच्या १९९२ च्या सिव्हिक व्हीएक्समध्ये, आणि ती गाडी ताकदीसाठी नव्हे तर ॲव्हरेजसाठी बनवली होती. मोकळ्या रस्त्यावर मिश्रण मुद्दाम लीन ठेवून पेट्रोल वाचवायचं, तर किती लीन हे मोजणारं काहीतरी हवंच होतं. त्या गाडीचा एनटीके सेन्सर काढून हौशी लोकांनी घरच्या घरी मीटर बनवले, आणि आजची वाइडबँड गेजेस त्यांचीच वारस आहेत. ज्या उपकरणावर शर्यतीच्या गाड्या ट्यून होतात ते पेट्रोल वाचवण्याच्या गरजेतून पुढे आलं आहे. ताकद आणि ॲव्हरेज यांच्यात वैर आहे असं मानणाऱ्यांनी हे ध्यानात घ्यावं.

वैर का नाही, ते जरा खोलात सांगतो. सपाट रस्त्यावर ऐंशीच्या वेगानं जाणाऱ्या छोट्या गाडीला दहा-पंधरा अश्वशक्तीच पुरते. रिमॅपनं गाडी १३० ची झाली काय किंवा १६० ची झाली काय, द्रुतगती मार्गावर शंभराच्या मर्यादेत चालताना त्यातली बहुतेक ताकद नुसती हाताशी असते. या वेळात इसीयू क्लोज्ड लूपमध्ये असतो. म्हणजे सेन्सरकडे बघत, सेकंदाला एक-दोनदा किंवा त्याहून जास्त वेळा पेट्रोल किंचित वाढवत-घटवत, लॅम्ब्डा १ च्या भोवती राहतो. कंपनीच्या मॅपवरही हेच होतं आणि चांगल्या ट्यूनमध्येही हेच व्हायला हवं. तेव्हा हलक्या पायानं चालवताना चांगल्या रिमॅपच्या गाडीचं ॲव्हरेज मूळच्या इतकंच राहिलं पाहिजे. खालच्या आरपीएमला टॉर्क वाढल्यामुळे वरच्या गिअरमध्ये लवकर जाता आलं तर कधीकधी किंचित वाढतंही. फुल थ्रॉटलला गाडी पेट्रोल पिणारच, त्याबद्दल तक्रार नको. पण रोजच्या वापरात फुल थ्रॉटल असतो किती वेळ? आंबी व्हॅलीच्या धावपट्टीवर पाव मैलाची ड्रॅग मारताना कोणी ॲव्हरेज विचारत नाही. ॲव्हरेज पडतं ते कात्रजहून हिंजवडीला जाताना, आणि तिथे सेन्सरचं राज्य असतं.

म्हणूनच डायनोच्या कागदाबद्दल माझी तक्रार आहे. त्या कागदावर फुल थ्रॉटलच्या एका ओढीत मिळालेली ताकद, टॉर्क आणि फार तर लॅम्ब्डाची रेघ छापलेली असते. तीही पुष्कळदा सायलेन्सरच्या तोंडात खोचलेल्या सेन्सरची. तिथे कमी प्रवाहात बाहेरची हवा आत शिरते, त्यामुळे हलक्या थ्रॉटलचं मोजमाप तिथून करताच येत नाही. गाडीच्या आयुष्यातला मोठा भाग ज्या स्थितीत जातो तिची एकही ओळ त्या कागदावर नसते. गाडी ताब्यात घेताना ट्यूनरकडे क्रूझिंगचा लॉग मागावा, असं मी आग्रहानं सांगतो. चांगला ट्यूनर तो न मागता देतो.

घाटाचा मात्र वेगळा विचार करावा लागतो. खंडाळ्याचा चढ चढताना टर्बो गाडीत बूस्ट चढतो, एक्झॉस्ट तापतो आणि टर्बाइन व कन्व्हर्टर वाचवायला इसीयू जादा पेट्रोल सोडून ज्वलन थंड करतो. कंपनी हे शक्य तितकं उशिरा करते. घाईनं केलेल्या ट्यूनमध्ये हा उंबरठा इतका खाली आणलेला असतो की अर्ध्या थ्रॉटललाच मिश्रण रिच होऊन बसतं. ट्यूनरला ते सुरक्षित वाटतं, डायनोवर दिसत नाही, आणि मालकाच्या खिशाला दर घाटात चाट बसते. सेन्सरचा यात काडीचाही दोष नाही, इसीयूनंच त्याला त्या वेळात बाजूला बसवलेलं असतं.

आता या पुस्तकाचा गाभा. ऑक्सिजन सेन्सर पेट्रोल मोजत नाही, ऑक्सिजन मोजतो. हे वाक्य प्रत्येक मेकॅनिक ऐकून असतो, पण त्याचे परिणाम फार थोडे लोक शेवटपर्यंत नेतात.

समजा एका सिलिंडरमध्ये गाडी मिसिंग करते आहे. बूस्ट वाढवला की प्लगच्या फटीत ठिणगी पडणं अवघड होतं. जुनी कॉइल किंवा मूळच्याच मापाची फट ठेवलेला प्लग अशा वेळी दगा देतो. त्या सिलिंडरमधलं मिश्रण न जळताच बाहेर पडतं. त्यात पेट्रोलही आहे आणि सगळाच्या सगळा ऑक्सिजनही आहे. माणसाला वाटेल, न जळलेलं पेट्रोल बाहेर आलं म्हणजे सेन्सर रिच म्हणेल. पण सेन्सरला भरपूर ऑक्सिजन दिसतो, तो लीन म्हणतो. इसीयू त्याच्यावर विश्वास ठेवून पेट्रोल वाढवतो, आणि बिघाड एका सिलिंडरचा असला तरी वाढ चारहींना होते. प्लग काळे पडतात, मिसिंग वाढतं, कन्व्हर्टरमध्ये ते पेट्रोल जळून त्याची जाळी वितळायला लागते. मालक पंपावर उभा राहून सेन्सरला शिव्या घालत असतो. काही शे रुपयांचे प्लग योग्य फटीनं बसवले असते तर हे सारं टळलं असतं.

दुसरा प्रकार याहून फसवा आणि ट्यून केलेल्या गाड्यांत याहून जास्त आढळणारा. नवा डाउनपाइप बसवताना जुनीच गॅस्केट परत वापरली, किंवा फ्लँज किंचित वाकडी वेल्ड झाली, तर टर्बो आणि सेन्सर यांच्यामधल्या जोडात केसाएवढी फट राहते. बाहेर काही ऐकू येत नाही. पण एक्झॉस्टचा प्रवाह सलग नसतो, ठोक्याठोक्यानं येतो, आणि दोन ठोक्यांच्या मधल्या क्षणी त्या फटीतून बाहेरची हवा आत ओढली जाते. ती हवा इंजिनातून गेलेलीच नसते, तरी सेन्सरला ती दिसते. तो पुन्हा लीन म्हणतो, इसीयू पुन्हा पेट्रोल वाढवतो. आयडलला हे सर्वांत जास्त, वेगात कमी. शहरातल्या सिग्नलना थांबत-थांबत जाणाऱ्या गाडीचं ॲव्हरेज यानं सपाटून पडतं. ओळखायचं कसं? सकाळी थंड गाडी सुरू करून बॉनेट उघडा आणि कान द्या. जोड गळत असेल तर बारीक टिकटिक येते आणि धातू तापून फुगला की ती बंद होते. मग गाडी लिफ्टवर घेऊन जोडावर बॅटरी मारा. फटीच्या कडेनं पंख्यासारखी पसरलेली काजळी दिसली की शोध संपला. एक गॅस्केट, चार नट आणि एक दुपार.

ही दोन उदाहरणं मी एवढी लांबवली, कारण गॅरेजात येणाऱ्या 'सेन्सर गेलाय'च्या तक्रारींमागे ती सतत निघतात. बाकीच्या कारणांचा मागोवा फ्यूएल ट्रिमवरून घेता येतो, आणि पुस्तकाचा सर्वांत मोठा भाग त्यालाच दिला आहे. सेन्सरचं ऐकून इसीयू मूळ हिशेबात किती टक्के पेट्रोल वाढवतो किंवा घटवतो, तो आकडा म्हणजे ट्रिम. शॉर्ट टर्म ट्रिम क्षणाक्षणाला हलतो, लाँग टर्म ट्रिम हळूहळू शिकून साठवला जातो. दोन्ही मिळून पाच टक्क्यांच्या आत असतील तर चिंता नको. दहाच्या पुढे गेले की शोध सुरू करावा. आयडलला अधिक आणि २५०० आरपीएमला जवळजवळ शून्य असेल, तर इनटेक मॅनिफोल्डला किंवा एक्झॉस्टच्या जोडाला गळती आहे. उलट, लोड वाढेल तसा ट्रिमही चढत असेल, तर पंप कमी पडतोय किंवा एअरफ्लो सेन्सरच्या तारेवर धूळ बसून तो हवा कमी मोजतोय. मास एअरफ्लो सेन्सरच्या गाडीत हवेत फुसफुसणारा ब्लो-ऑफ व्हॉल्व्ह लावला असेल, तर मोजलेली हवा दर गिअरला बाहेर फेकली जाते आणि तिच्यासाठी सोडलेलं पेट्रोल फुकट जातं. तो आवाज कितीही आवडला तरी त्याची किंमत प्रत्येक गिअरला मोजावी लागते.

याच ट्रिमची एक धोक्याची बाजू आहे. सेन्सर ट्यूनरची चूक झाकून घेतो. मोठे इंजेक्टर बसवले आणि त्यांचा प्रवाह किंवा उघडायला लागणारा वेळ मॅपमध्ये नीट भरला नाही, तरी क्लोज्ड लूपमध्ये गाडी ठीकच चालते, कारण इसीयू पंधरा-वीस टक्के दुरुस्ती करत राहतो. आयडलला इंजेक्टर जेमतेम दोन मिलिसेकंद उघडतो, त्यातला बराचसा वेळ नुसता उघडण्यातच जातो, म्हणून तिथली छोटी चूकही मोठी होते. मॅप नव्यानं भरल्यावर साठवलेले ट्रिम पुसले जातात. त्यामुळे गाडी ताब्यात घेतली त्या दिवशी सगळं शून्य दिसतं, आणि खरे आकडे काही दिवस गाडी चालवल्यावरच समोर येतात. अशा गाडीतला डॅशबोर्डवरचा ॲव्हरेजचा आकडाही खरा मानू नये. तो इंजेक्टर किती वेळ उघडा होता यावरून काढलेला असतो. इंजेक्टर मोठा आणि हिशेब लहान्याचा, तर पडद्यावर लिटरला वीस दिसतात आणि टाकी चौदाच देते. टाकी फुल ते टाकी फुल, शक्यतो त्याच पंपावर आणि पंप पहिल्यांदा आपोआप बंद पडला की तिथेच थांबून, याहून भरवशाचं मोजमाप घरच्या माणसाकडे नाही.

सेन्सर कधीच बिघडत नाही असं माझं म्हणणं नाही. तो म्हातारा होतो आणि मंदावतो; मिश्रण बदलल्यावर त्याचा व्होल्टेज चटकन पलटायला हवा तो रेंगाळत पलटतो, आणि तेवढा वेळ इसीयू चुकीच्या दिशेला जात राहतो. त्याला विषबाधाही होते. इंजिनच्या जोडांना भलतंच सिलिकॉन फासलं की त्याची वाफ जळून टोपीवर पांढरट थर बसतो आणि भोकं बुजतात. हेड गॅस्केट गळून कूलंट जळत असेल तरी तसाच थर येतो, ऑइल जळत असेल तर तपकिरी-राखाडी. कोरडी काळी काजळी म्हणजे मिश्रण रिच आहे, सेन्सर त्याचा बळी आहे. म्हणून सेन्सर काढला की फेकण्याआधी त्याचं टोक उजेडात धरून बघावं. नवा बसवण्याआधी थर कशानं आला ते सापडलं नाही, तर नव्याचीही तीच गत होईल. बसवताना आट्यांना लावायचं अँटी-सीझ टोकाला लागू देऊ नये, आणि जुन्या पद्धतीच्या सेन्सरच्या वायरी कापून डाग देऊन जोडू नयेत, कारण त्यातल्या कित्येकांना बाहेरची हवा वायरीच्या आतूनच मिळते. डाउनपाइपवर नवा बंग वेल्ड करायचा तर सेन्सर आडव्यापेक्षा वर तिरका राहील असा करावा. खालच्या बाजूला बसवला तर सकाळच्या थंड एक्झॉस्टमध्ये साठलेल्या पाण्याचा थेंब तापलेल्या सिरॅमिकवर पडून ते तडकतं. वाइडबँड गेजचा फ्यूज काढून सेन्सर मात्र एक्झॉस्टमध्येच ठेवणारे लोक आहेत. हीटर बंद असलेला तो सेन्सर काजळीनं हमखास मरतो.

सेन्सर बदलल्यानं ॲव्हरेज चाळीस टक्क्यांनी वाढतं, असं जाहिरातींत वाचायला मिळतं. त्याचा उगम अमेरिकी सरकारनं दिलेल्या इंधन-बचतीच्या माहितीत आहे. तिथलं वाक्य मात्र असं, की सेन्सर निकामी होण्यासारखा गंभीर बिघाड दुरुस्त केला तर जास्तीत जास्त चाळीस टक्क्यांपर्यंत फरक पडू शकतो. धडधाकट सेन्सर बदलून काही मिळत नाही.

आपल्याकडच्या वाचकासाठी एक प्रकरण वेगळं लिहावं लागलं, ते ई-२० चं. इथेनॉलच्या रेणूत ऑक्सिजन आधीच असतो, म्हणून ते जळायला हवा कमी लागते. एक किलोला नऊच किलो. वीस टक्के मिसळलं की १४.७ चा आकडा १३.५ च्या आसपास येतो. सेन्सरला पेट्रोल आणि इथेनॉल यातला फरक कळत नाही, तो फक्त लॅम्ब्डा १ कडे बघतो. तेव्हा तेवढ्याच हवेला ई-१० च्या तुलनेत सुमारे चार टक्के जास्त इंधन सोडलं जातं, आणि लाँग टर्म ट्रिम तेवढा वर सरकतो. हा गाडीचा बिघाड नाही. त्या इंधनात लिटरमागे ऊर्जाच कमी आहे. नीती आयोगाच्या २०२१ च्या आराखड्यातही ई-० साठी रचलेल्या आणि ई-१० साठी जुळवलेल्या चारचाकींचं ॲव्हरेज सहा ते सात टक्क्यांनी घटेल असं नोंदवलेलं आहे. ट्यून केलेल्या गाडीच्या मालकानं यातून दोन गोष्टी घ्याव्यात. ई-१० च्या काळात बनवलेला मॅप आजच्या इंधनावर हलक्या थ्रॉटलला सेन्सर सांभाळून घेतो, पण फुल थ्रॉटलला सेन्सरची दुरुस्ती मॅपपर्यंत पोचत नसेल तर गाडी तिथे लीन चालते, आणि बूस्टमध्ये लीन चालणं म्हणजे पिस्टनशी खेळ. तेव्हा तो मॅप तपासून घ्यावा. दुसरं, वाइडबँड गेज हवा-इंधनाच्या आकड्यावर न ठेवता लॅम्ब्डावर ठेवावं. गेजवरचा १४.७ हा नुसता लॅम्ब्डा १ ला शुद्ध पेट्रोलच्या आकड्यानं गुणून आलेला असतो, टाकीत ई-२० असलं तरी तोच दिसतो.

कन्व्हर्टरच्या मागच्या सेन्सरबद्दल मला स्पष्ट बोलायचं आहे. तो कन्व्हर्टरची ऑक्सिजन साठवण्याची क्षमता तपासतो आणि पुष्कळ गाड्यांत पुढच्या सेन्सरच्या बारीक चुकाही सुधारतो. कन्व्हर्टर काढून टाकायचा, मागच्या सेन्सरखाली स्पेसर लावून त्याला फसवायचं किंवा पी०४२० हा कोड सॉफ्टवेअरमधून पुसायचा, हा प्रकार आपल्याकडे 'स्टेज टू' या नावानं सर्रास विकला जातो. या पुस्तकात त्याची कृती मिळणार नाही. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ प्रमाणे गाडीत असा बदल करता येत नाही, आणि पीयूसीच्या नियमांत २५०० आरपीएमच्या आसपासचा लॅम्ब्डा ०.९७ ते १.०३ मध्ये असणं अपेक्षित आहे. कायद्यापेक्षाही मला दुसरी गोष्ट टोचते. आपल्या शौकासाठी सिग्नलला शेजारी उभ्या असलेल्या स्कूटरवरच्या पोराच्या नाकात कार्बन मोनॉक्साइड सोडण्याचा हक्क आपल्याला कोणी दिलेला नाही. ट्रॅकवरची गाडी ट्रेलरवर घालून नेणाऱ्यांचा प्रश्न निराळा.

हे पुस्तक डिझेल गाड्यांबद्दल नाही, त्यांचं ज्वलन आणि त्यांचे सेन्सर यांचा हिशेब वेगळा आहे. कार्ब्युरेटरच्या जुन्या गाड्यांना वाइडबँड लावून जेटिंग करणाऱ्यांसाठी शेवटी एक छोटं प्रकरण आहे. कोथरूडच्या टेकडीवरची एआरएआय आपल्या प्रयोगशाळेत जो ॲव्हरेजचा आकडा देते, त्याच्याशी आपल्या गाडीची तुलना कुठेही केलेली नाही. रुंद टायर, उतरवलेलं सस्पेन्शन, छतावरचं कॅरिअर यांनी पडणारा फरक पहिल्याच प्रकरणात आटोपला आहे. पण टायरमध्ये हवा भरल्याशिवाय सेन्सरकडे वळू नका.

वाचायला बसण्याआधी एक काम करा. ब्लूटूथचा साधा ओबीडी ॲडॉप्टर घ्या, इंजिन पूर्ण तापू द्या, एसी बंद ठेवा आणि लाँग टर्म व शॉर्ट टर्म ट्रिमचे आकडे आयडलला आणि २५०० आरपीएमला लिहून काढा. सोबत शेवटच्या दोन टाक्यांचं ॲव्हरेज आणि गाडीत केलेले सगळे बदल तारखांसकट नोंदवा. पुढचं प्रत्येक प्रकरण त्या कागदावरच्या आकड्यांशी ताडून वाचा, आणि तोपर्यंत नवा सेन्सर विकत घेऊ नका.